अपलोडचा वेगही मोजा : केंद्रीय दूरसंचार मंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

माननीय केंद्रीय दूरसंचार मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरच्या मानेवाडा भागात राहते. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर मी माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या खेळाचा सर्व्हर (सगळे खेळाडू ज्याला जोडले जातात तो संगणक) चालवते आणि त्यावर गल्लीतली, नात्यातली मिळून आठ पोट्टी गेल्या उन्हाळ्यापासून सीताबर्डीचा किल्ला बांधत आहेत. खरा किल्ला लष्कराच्या ताब्यात. लोकांसाठी वर्षातले मोजकेच दिवस उघडतो. १८१७ ची लढाई या मुलांनी पुस्तकात वाचली आहे, पण किल्ला मनासारखा फिरून पाहता येत नाही. म्हणून फोटो समोर ठेवून ती एकेक दगड रचतात.

मे महिन्यातली एक संध्याकाळ सांगते. कूलरच्या आवाजात सहा जण खेळत होते. आतल्या खोलीतून आईने लग्नाचा एक व्हिडिओ मावशीला पाठवायला घेतला आणि माझ्या पडद्यावर सगळे जागच्या जागी थांबले. पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, चाळीसवरून चौदाशे मिलिसेकंदांवर गेला. "ताई, काहून अटकलं?" असे फोन यायला लागले. व्हिडिओ गेला, आणि सगळं पुन्हा सुरळीत चालू झालं.

आमचं कनेक्शन '३० एमबीपीएस'चं आहे. जाहिरातीत तेवढंच लिहिलं होतं. अपलोड, म्हणजे घरातून बाहेर पाठवण्याचा वेग, २ चा आहे हे घेतल्यावर कळलं, आणि संध्याकाळी मोजलं तर तो दीडच्या आसपास भरतो. सर्व्हर चालवणाऱ्याला तोच दीड पुरवायचा असतो, कारण खेळणाऱ्याच्या पडद्यावर जे येतं ते सगळं माझ्या घरातून बाहेर जातं. चौघं खेळत असतील तर प्रत्येकाची हालचाल बाकीच्या तिघांना कळवावी लागते, म्हणजे बारा निरोप. आठ जण झाले की छप्पन्न. माणसं दुप्पट, काम जवळजवळ पाचपट.

मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये नजरेचा पल्ला, म्हणजे खेळणाऱ्याला चहूबाजूंनी जगाचे किती तुकडे दिसावेत तो आकडा, १० चा ५ केला. त्यामुळे नवीन येणाऱ्याला जगाचे साधारण ४४१ तुकडे पाठवायचे ते १२१ वर आले. राउटरमध्ये अपलोडला खऱ्या वेगाच्या थोडी खालची मर्यादा घातली; आता आईच्या व्हिडिओमुळे बाहेर जाणाऱ्या माहितीची रांग तुंबत नाही. पण मुलांना धुकं दिसतं. बुरुजावर उभं राहिलं तरी समोरचा दरवाजा दिसत नाही, आणि किल्ला बांधणाऱ्याला हे किती खटकतं ते त्या मुलांना विचारावं.

त्याआधी दोन आठवडे तर सर्व्हर बाहेरून कुणाला सापडतच नव्हता. राउटरवर पोर्ट (बाहेरून सर्व्हरकडे यायचं दार) उघडूनही काही होईना. राउटरला मिळालेला इंटरनेटवरचा पत्ता (आयपी) १०० ने सुरू होणारा होता, म्हणजे एकाच पत्त्यामागे कंपनीने अनेक घरं बसवली होती. जुन्या पद्धतीचे पत्ते २०११ सालीच जागतिक साठ्यातून संपले, त्यामुळे कंपनीची अडचण मला समजते. कस्टमर केअरवर मात्र तीन जणांनी तीन उत्तरं दिली. शेवटी दरमहा जास्तीचे पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेतला.

हे खेळापुरतं आहे असं आपल्या कार्यालयात कुणाला वाटेल. आमच्या शेजारी लग्नाचे फोटो काढणारे एक काका आहेत. एका लग्नाचे २० जीबी फोटो आमच्यासारख्या लाइनवरून पाठवायचे तर अखंड तीस तास लागतात. ते पेन ड्राइव्ह खिशात टाकतात आणि ऐन उन्हात गाडीवर इतवारीला जाऊन येतात. मानेवाडा ते इतवारी, तेही ४५ अंशांत! मला हे बघवत नाही.

महोदय, २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला किमान २५६ किलोबिट होतं. पुढे ते ५१२ झालं आणि जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने २ एमबीपीएस. तिन्ही वेळा मोजला तो डाउनलोड. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मार्च २०२४ मध्ये निकष वाढवताना १०० एमबीपीएस डाउनलोडसोबत २० एमबीपीएस अपलोडही लिहिला. आपल्या व्याख्येत अपलोड हा शब्दच नाही, मग कंपनीने तो जाहिरातीत का छापावा?

तंत्राचीही तेवढी अडचण नाही. घरोघरी जाणाऱ्या फायबरवर बहुतेक ठिकाणी जे जीपॉन तंत्र वापरतात, त्याची सामायिक क्षमता येण्याच्या दिशेने सुमारे २.५ गिगाबिट आणि जाण्याच्या दिशेने सुमारे १.२५ गिगाबिट असते. दोनास एक. माझ्या प्लॅनमध्ये तेच प्रमाण पंधरास एक आहे. एवढी तफावत प्लॅन आखणाऱ्याने ठरवलेली आहे, म्हणूनच ती आपल्या एका आदेशाने कमी होऊ शकते.

माझी मागणी एकच आहे. ब्रॉडबँडच्या व्याख्येत किमान अपलोड वेग लिहा, आणि प्रत्येक प्लॅनच्या जाहिरातीत तो डाउनलोडच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापायला लावा. स्वतंत्र पत्ता मिळतो की नाही, किती रुपयांत, हेही तिथेच असलं तर माझ्यासारखीचे दोन आठवडे वाचतील. फायबरसाठी आपल्या खात्याने देशभर केलेलं काम मी पाहते आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते पोचलंय, म्हणूनच हे लिहायचा धीर झाला.

किल्ल्याची पूर्वेकडची भिंत अजून अर्धी आहे. आठही जण एका वेळी आत आले की सगळं अटकतं, म्हणून सध्या चौघं चौघं पाळीने येतात.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी
मानेवाडा, नागपूर