भरलेलं मैदान, रिकामे बाक

अ‍ॅन आर्बर, मिशिगन
ऑक्टोबर २०२५

प्रिय सुरेश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. टीव्हीवर दिसणारी इथल्या कॉलेज फुटबॉलची (म्हणजे आपला नव्हे, अमेरिकन फुटबॉल) ती लाखाची गर्दी खरोखर तेवढी असते का, असं तू विचारलंयस. या विषयाचं माझ्या मनात बरंच साचलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या गावाला गर्दीची ददात नाही. इथल्या मिशिगन विद्यापीठाचं मिशिगन स्टेडियम १९२७ सालचं, बसायची सोय १,०७,६०१ जणांची. नोव्हेंबर १९७५ पासून, कोविडचं वर्ष सोडलं तर, इथल्या एकाही सामन्याचा आकडा लाखाखाली उतरलेला नाही. २०१३ मध्ये नोटर डेम विद्यापीठाविरुद्धच्या रात्रीच्या सामन्याला १,१५,१०९ प्रेक्षक होते. शनिवारी सकाळपासून शेजारच्या गोल्फच्या हिरवळीवर गाड्या लागतात, डिकी उघडून शेगड्या पेटतात, आजोबा नातवंडांना हाताला धरून आणतात. अशा गर्दीत उभं राहिलं की आपण या गावचे झालो असं मला वाटतं, आणि ते वाटणं माझ्यासाठी फार मोलाचं आहे.

देशभराचा हिशेब मात्र वेगळा. सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांच्या सामन्यांना २००८ मध्ये सरासरी ४६,९७१ प्रेक्षक होते. २०१८ मध्ये ते ४१,८५६ वर आले. त्यातही जाहीर होणारा आकडा बहुतेक ठिकाणी विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांचा असतो. वॉल स्ट्रीट जर्नल या वृत्तपत्राने दारावर स्कॅन झालेल्या तिकिटांची नोंद कॉलेजांकडून मागवली, तेव्हा २०१७ च्या हंगामात प्रत्यक्ष आत आलेले लोक जाहीर आकड्याच्या ७१ टक्क्यांच्या आसपास निघाले. म्हणजे तिकीट घेऊनही माणूस घरीच बसला. मला तिकीट न खपण्यापेक्षा याची काळजी जास्त वाटते.

टीव्हीमुळे मैदानं ओस पडतील ही भीती जुनीच. म्हणूनच कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था एनसीएए १९५० च्या दशकापासून किती सामने दाखवायचे यावर बंधन घालत होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते बंधन मोडीत काढलं. तिथून पैशाचा ओघ सुरू झाला. आज सामना दुपारी बाराला की संध्याकाळी साडेसातला हे टीव्ही कंपन्या ठरवतात, आणि कित्येकदा ते सहाच दिवस आधी कळतं. तीन तास गाडी हाकत येणाऱ्या कुटुंबाने करायचं काय? आत आल्यावरही जाहिरातींसाठी खेळ पुन्हा पुन्हा थांबतो. घरी बसलेल्याला तेवढ्यात दुसरा सामना लावता येतो. इथे नोव्हेंबरच्या गारठ्यात माणूस ॲल्युमिनियमच्या बाकावर नुसता कुडकुडतो. ज्याच्या आरोळ्यांमुळे सामन्याला रंग चढतो त्याचाच विचार सगळ्यात शेवटी होतो, याचा मला मनापासून राग येतो.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो विद्यार्थ्यांच्या बाजूचे बाक पाहून. पोरं उशिरा येतात म्हणून इथे २०१३ मध्ये त्यांच्या ठरलेल्या जागा काढून घेतल्या आणि आधी येईल तो पुढे, असा नियम केला. दरही वाढवले होते. दुसऱ्याच वर्षी विद्यार्थ्यांची तिकीटविक्री इतकी घसरली की पुढच्या हंगामासाठी २८० डॉलरचं हंगामी तिकीट १७५ वर आणावं लागलं. तिकडे अलाबामा विद्यापीठात तर संघ जिंकत असतानाही पोरं मध्येच उठून जात. तिथले तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी ते जाहीरपणे बोलून दाखवलं. शेवटी २०१९ मध्ये फोनवरून ठिकाण टिपणारं अ‍ॅप आलं: मैदानावर आल्याचे १०० गुण, चौथ्या म्हणजे शेवटच्या क्वार्टरपर्यंत थांबल्याचे आणखी २५०. गुण साठले की मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत आधी नंबर. वाचून मी सुन्न झालो. अशाने बाक भरतील, पण खेळाची ओढ कुठून येणार?

आमची मुक्ता इथेच शिकते. पहिला अर्धा भाग बघते आणि मैत्रिणीच्या खोलीवर जाते. तिथे एकाच वेळी तीन सामने चालू असतात. तिला मी दोष देत नाही. पण विशीत ज्याला मैदानाची सवय लागली नाही, तो चाळिशीत पोरांना घेऊन कशाला येईल? आपल्याला कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमीतल्या मोठ्या पोरांनी नेलं होतं. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा फुटबॉल सामना असला की शाळेत कुणाचं लक्ष लागायचं? ती ओढ वय वाढल्यावर दुकानात विकत मिळत नाही रे.

कोविडनंतर आकडे पुन्हा चढू लागलेत, हेही सांगितलं पाहिजे. नेब्रास्का विद्यापीठाच्या मैदानावर १९६२ पासून प्रत्येक सामन्याची तिकिटं संपतात. गेल्या डिसेंबरात प्लेऑफच्या, म्हणजे देशाचा विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांतल्या, पहिल्या फेरीचे सामने प्रथमच कॉलेजांच्या स्वतःच्या मैदानांवर झाले आणि कडाक्याच्या थंडीतही लोक आले. सामन्यात जीव असला आणि तो आपल्या दारात असला की माणसं येतात, याबद्दल माझी खात्री आहे.

पुढच्या सप्टेंबरात येणार म्हणतोयस ते आता पक्कं कर. परतीचं विमान सोमवारचं घे, कारण शनिवारचा सामना रात्री लांबूही शकतो. विद्यार्थ्यांच्या बाकांच्या शेजारचीच तिकिटं बघतो. तुमच्याकडे यंदा गर्दी कशी आहे, तालमीतली नवी पोरं मैदानावर येतात का, ते मात्र नक्की लिही. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश