लष्कर भागातल्या मालिशवाल्या मावशींना

ग्वाल्हेर

मावशी, सप्रेम नमस्कार.

आम्ही नवजात बाळांच्या कक्षातल्या परिचारिका आणि डॉक्टर. बाळंतपण सुरळीत झालं तर बाळ आमच्या नजरेखाली जेमतेम दोन-तीन दिवस असतं, तेही बहुतेक वेळ दुपट्यात गुंडाळलेलं. पुढचा सव्वा महिना लष्करातल्या मराठी घरांमध्ये त्याला रोज सकाळी उघडं करून, उजेडात, टाळूपासून टाचेपर्यंत बघणारं माणूस एकच, ते म्हणजे तुम्ही. आई जागरणाने पेंगुळलेली, आजीला बारीक दिसत नाही, आणि बाप उचलायलाही घाबरतो. म्हणून हे जाहीर आभार.

पहिले आभार अंघोळीचे, खरं तर न घातलेल्या अंघोळीचे. जन्मल्यावर निदान 24 तास बाळाला अंघोळ नको हे आम्ही सांगतो, पण घरी गेल्यावरही अंघोळीची घाई होत नाही ती तुमच्यामुळे. अंगावरचा तो पांढरा चिकट थर घरच्यांना घाण वाटतो. तुम्ही तो खरवडून काढत नाही, कातडीत मुरू देता. जानेवारीत इथे रात्रीचा पारा पाच-सहा अंशांवर येतो. एवढ्याशा जिवाला कुडकुडून ऊब आणता येत नाही. गार पडलं की ते अंगातली साखर जाळतं, साखर उतरली की सुस्त होतं, सुस्त झालं की दूध ओढत नाही, आणि दूध नाही म्हणून आणखी गार पडतं. घरचे म्हणतात, ‘किती शहाणं बाळ, रडतच नाही!’ तुम्ही मात्र आधी हाताच्या मागच्या बाजूने पोट बघता, मग तळवे. पोट कोमट आणि तळवे गार, तर बाळ गारठायला लागलंय. पोटही गार, तर मालिश, अंघोळ सगळं बाजूला ठेवून ते आईच्या उघड्या छातीला लावायचं आणि तसंच दवाखान्यात आणायचं. काखेत थर्मामीटर लावला तर 36.5 ते 37.5 अंश हवेत, पण हा आकडा दिसायच्या आधी तुमच्या हाताला कळलेलं असतं.

अडीच किलोच्या आतल्या बाळाला तुम्ही आमच्या निरोपाशिवाय तेल लावत नाही, त्याबद्दल वेगळे आभार. अशा बाळाला हवं असतं ते आईच्या अंगाला अंग. टोपडं, मोजे आणि लंगोट एवढंच घालून दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं धरायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून किंचित वर. हनुवटी छातीवर टेकली तर श्वास कोंडतो. वरून शाल घट्ट बांधायची आणि हे दिवसाचे निदान आठ तास, जमेल तितकं जास्त. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी हा मार्ग धरला. आमच्या दृष्टीने तो पेटीपेक्षा कमी नाही. आई दमली की बापाने किंवा आजीने धरलं तरी चालतं, आणि बापांना शर्ट काढायला लावण्याचं काम तुम्ही आमच्यापेक्षा बरं करता.

आता ज्या गोष्टीबद्दल कोणी कधी आभार मानत नाही ती. चौथ्या-पाचव्या दिवशी काही बाळांची छाती फुगते, मुलगा असो की मुलगी, आणि कधी दुधासारखा थेंबही येतो. आईच्या शरीरातल्या संप्रेरकांचा तो परिणाम, काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. पण ‘पिळून काढा, नाहीतर गाठ राहील’ हा सल्ला घरोघरी तयार असतो. पिळलं की आत जखम होते, जंतू शिरतात, पू होतो आणि चिरा द्यावा लागतो. तुम्ही तिथे बोट लावत नाही आणि लावूही देत नाही. मुलीच्या लंगोटाला दोन-चार दिवस रक्ताचा डाग लागतो, तोही त्याच कारणाने. पाहून आजी घाबरते, तुम्ही समजावता.

काविळीचं तर तुम्ही आम्हाला सोपं करून ठेवलंय. बोटाने कातडी दाबून सोडायची आणि खालचा रंग बघायचा, आधी कपाळावर, मग छातीवर, मग तळव्यावर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा पिवळसर होणं नेहमीचं. पहिल्या 24 तासांत पिवळेपणा आला, किंवा कधीही तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं. कोवळ्या उन्हात ठेवून ही कावीळ उतरत नाही, थंडीत बाळ उलट गारठतं आणि वेळ जातो. ती मेंदूत चढली तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. आणि लंगोट! दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा आणि शी खडूसारखी पांढुरकी, हे यकृतातल्या पित्ताच्या वाटेचं दुखणं असू शकतं. त्याची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर उपयोग जास्त होतो. म्हणून शीचा रंग विचारणाऱ्या मावशीला आम्ही मानतो.

बाळंतिणीकडेही तुमचं लक्ष असतं. एकच पोटरी सुजलेली, गरम, दाबली की दुखते, अशी दिसली की तुम्ही चोळत नाही. ते बरोबरच, कारण तिथे रक्ताची गाठ असेल तर चोळल्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि मग वेळ मिळत नाही. सिझर झालेल्या पोटाला तुम्ही हात लावत नाही. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजला, दुर्गंध आला किंवा ताप चढला, तर 108 ला फोन करायला लावता. बाजेखालच्या कोळशाच्या शेगडीचं मात्र अजून पूर्ण जमलेलं नाही. दारं-खिडक्या बंद करून पेटवलेल्या शेगडीचा वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि आई-बाळ दोघंही झोपेतच गुदमरू शकतात. शेकायचंच असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून घ्यावी.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर खुशाल द्या, पण ‘पाणी कमी पी’ म्हणणाऱ्यांना तुम्ही गप्प करता ते उत्तम. लोहाच्या गोळ्या 180 दिवस, कॅल्शियमच्या गोळ्याही तितकेच दिवस, फक्त दोन्ही एका वेळी नकोत. बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध. पहिला चीक तर सांडूच नये. बाळगुटीतलं जास्तीचं जायफळ बाळाला गुंगी आणतं. मधातले जंतू वर्षाच्या आतल्या बाळाला लुळं करू शकतात.

आपलं पटत नाही ते एका बाबतीत. थंडी पडली की इथे सगळेच सरसोंच्या तेलाकडे वळतात, तुम्हीही. कोवळ्या कातडीला ते झोंबतं, तिचा वरचा थर कमकुवत करतं. खोबरेल घ्या, थिजलं तर वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ करा. नाकात-कानात थेंब नको, बेंबीला तर काहीच नको. हळद-बेसनाचं उटणंही निदान महिनाभर बाजूलाच राहू द्या. टाळू भरायला आमची हरकत नाही. तेलाने टाळू लवकर भरत नाही, ती दीड वर्षापर्यंत सावकाश भरते. पण तेल लावताना ती खोलगट लागली, किंवा बाळ शांत असताना फुगून ताठ लागली, तर दुपारची वाट न बघता सरळ आमच्याकडे पाठवा, रात्र असली तरी.

आपल्या,
नवजात कक्षातल्या परिचारिका व डॉक्टर