"चालू होते ना सर?" : आयडलला बंद पडणारी गाडी आणि चार जॉब कार्डं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : २००९ मॉडेलची पेट्रोल गाडी तापल्यावर आयडलला (एक्सलेटर सोडून इंजिन नुसतं चालू असताना) बंद पडते. पाच महिन्यांत चार वेळा साताऱ्यातल्या तुमच्या अधिकृत वर्कशॉपला दिली, बिघाड जागच्या जागी.

आज सकाळी तुमच्या टोल फ्री नंबरवर झालेलं बोलणं आधी लिहितो, कारण ते रेकॉर्ड होतं असं तुम्हीच सांगता. तक्रार नंबर दिल्यावर प्रतिनिधीने विचारलं, "सर, गाडी बंद पडल्यावर परत चालू होते का?" म्हटलं, होते, पहिल्या सेल्फला होते. "मग आता प्रॉब्लेम नाहीये ना सर?" म्हटलं, तक्रार बंद पडण्याची आहे, चालू होण्याची नाही. थोडा वेळ कीबोर्डचा आवाज. "ओके सर, म्हणजे गाडी चालू होतेय. मग कंप्लेंट रिझॉल्व्ह्ड म्हणून क्लोज करू?" नको म्हटलं. "सर, वर्कशॉपकडून क्लोज झालेलीच आहे, मी फक्त तुमचं कन्फर्मेशन घेतोय." म्हणजे मी हो म्हटलं तरी बंद, नाही म्हटलं तरी बंद. दोन मिनिटांत मेसेज आला : आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे, कृपया पाचपैकी गुण द्या. गुण एकपासून सुरू होतात, म्हणून दिले नाहीत.

गंमत अशी की त्या मुलाने नकळत नेमका प्रश्न विचारला. बंद पडलेली गाडी लगेच चालू का होते? चार जॉब कार्डांत (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदींत) तुमच्या एकाही टेक्निशियनला हा प्रश्न पडला नाही. इंजिन तुम्हीच बनवलंय, त्यामुळे थ्रॉटल बॉडी म्हणजे एक्सलेटरने उघडणारी हवेची झडप आणि ती बंद असताना इंजिनाला थोडी हवा देतो तो आयडल वॉल्व्ह, याहून जास्त तुम्हाला समजावत बसत नाही. निदान मुख्य कार्यालयात तरी ते माहीत असावं.

लक्षण असं. गार इंजिनाला काहीही होत नाही. पस्तीस-चाळीस मिनिटं गाडी चालली, बॉनेटखाली चांगलं तापलं, आणि मग पोवई नाक्यासारख्या गर्दीत एक्सलेटर सोडून क्लच दाबला, की आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा १५०० वरून खाली येतो. ८५० ला थांबायला हवा, तिथे थांबत नाही. ७००, ५५०, ४००, इंजिन एकदा थरथरतं आणि बंद. काटा असा बसत बसत खाली येतो, हे जॉब कार्डावर लिहून घ्या म्हणून चारही वेळा सांगितलं. चारही वेळा लिहिलं गेलं, "गाडी बंद पडते."

काटा कसा पडतो यावर अर्धं निदान होतं. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का हे सांगणारा) तापून दगा देत असता तर गाडी गिअरमध्ये पळत असतानाच काटा झटक्यात शून्यावर गेला असता. पेट्रोल पंप कमी पडत असता तर चढावर, लोडवर गाडीने आचके दिले असते. ही गाडी खंबाटकी घाट चार माणसं आणि सामान घेऊन विनातक्रार चढते. फ्युएल रेलचं (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीचं) प्रेशर गाडी बंद पडेपर्यंत ३ बारच्या आसपास स्थिर राहतं. आयडलला बॅटरीवर १४.१ व्होल्ट, इंजिन ते बॅटरी निगेटिव्ह ड्रॉप ०.०४ व्होल्ट, म्हणजे अर्थिंग ठीक. हवेची गळती म्हणाल, तर या इंजिनाला आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो मीटर नाही, आतल्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. पाइप फाटला तर आयडल आधी वर जाईल, खाली येणार नाही. उरलं काय? थ्रॉटल बंद झाल्यावर इंजिनाला हवा देणारी एकच वाट, आयडल वॉल्व्ह.

आता तुम्ही काय केलंत ते बघा. पहिल्या वेळी प्लग, एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर. दुसऱ्या वेळी ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा), कारण "स्कॅनरला एरर नाही, पण जुना झालाय." (या न्यायाने गाडीचं छतही बदलायला हवं.) तिसऱ्या वेळी थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. चौथ्या वेळी पुन्हा थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, आणि "आयडल अ‍ॅडजस्ट". प्रत्येक कार्डावर खाली शिक्का : ट्रायल घेतली, ओके. तिसऱ्या कार्डावर येतानाचं रीडिंग ९६,४१८ आणि जातानाचं ९६,४२०. चाळीस मिनिटं तापल्याशिवाय न दिसणारा बिघाड तुम्ही दोन किलोमीटरमध्ये शोधलात आणि तो नाही असं सही करून सांगितलंत.

स्कॅनरला एरर नाही हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. एरर येईलच असं नाही. आयडल वॉल्व्ह चालवणारी ही स्टेपर मोटर आहे, एकेक पाऊल सरकणारी. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) तिला "दहा पावलं उघड" सांगतो आणि ती उघडली असं धरून चालतो. हवेची वाट कमी-जास्त करणारी सुई खरोखर कुठे आहे हे सांगणारा सेन्सर तिच्यात नाही. कोड नाही म्हणून बिघाड नाही, हे तुमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील तर तो धडा बदला. कोडऐवजी लाइव्ह डेटा, म्हणजे इंजिन चालू असतानाचे आकडे, बघायचा असतो. चौथ्या भेटीआधी बाहेरचा स्कॅनर लावून घेतलेलं प्रिंट सोबत जोडलंय. तापलेलं इंजिन ठीक चालताना आयडलला ३० च्या आसपास स्टेप (पावलं). बंद पडण्याआधीच्या चार-पाच सेकंदांत त्या ३० वरून ४५, ७०, ११०. ईसीयू बिचारा हवा वाढव, हवा वाढव म्हणून ओरडतोय आणि आरपीएम खालीच चाललाय. याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा? तुमच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने प्रिंट हातातही घेतलं नाही. "बाहेरचा स्कॅनर आम्ही मानत नाही." ठीक. तुमचा लावा. तोही हेच दाखवेल, फक्त गाडी तापवून लावावा लागेल.

वॉल्व्हच्या कॉइलची रीडिंगही दिली आहेत. गार असताना दोन्ही कॉइल ५३ आणि ५२ ओहम, म्हणजे उत्तम. तापल्यावर पहिली ६४. तांबं तापलं की ओहम वाढतात, त्यात विशेष नाही. दुसरी कधी ६३ दाखवते, आणि वॉल्व्हवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकी टिचकी मारली की ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं. आत सांधा सुटलाय, तापून आणि थरथरून उघडतो. एक कॉइल गेली की सुई जागेवर नुसती कापते, सरकत नाही. इंजिन थांबलं की थरथर थांबते, सांधा परत चिकटतो. किल्ली बंद-चालू करताना ईसीयू सुई शेवटपर्यंत बंद करून शून्य नव्याने धरतो आणि तिथून पावलं मोजतो. हिशोब जुळला, गाडी चालू. म्हणून ती पहिल्या सेल्फला चालू होते. ज्या उत्तरावर तुम्ही तक्रार बंद केलीत, तेच या बिघाडाचं निदान आहे.

आता थ्रॉटल बॉडी क्लीनिंगबद्दल. दोनदा पैसे घेतलेत. दोन्ही वेळा एअर होज काढून तोंडातून स्प्रे मारला, वॉल्व्ह खोलला नाही. त्याच्या दोन स्क्रूंवरची धूळ अजून तशीच आहे. त्या वाटेने मारलेलं सॉल्व्हंट मोटरमध्ये उतरतं आणि आतलं ग्रीस धुऊन काढतं. वॉल्व्ह काढून, सुईचं टोक आणि बसायची जागा वेगळी पुसायची असते, ओ-रिंग नवीन टाकायची असते. हे तुमच्याच मॅन्युअलमध्ये असेल. एकदा उघडून बघा.

आणि "आयडल अ‍ॅडजस्ट" हा तर कळस. थ्रॉटलची झडप कुठवर मिटते ते ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूवर कारखान्यातून पिवळ्या रंगाचा ठिपका येतो, तो स्क्रू फिरवायचा नाही म्हणूनच. तो ठिपका आता मधोमध तुटलाय, अर्धा स्क्रूवर, अर्धा नटवर. बंद थ्रॉटलला टीपीएसचा (थ्रॉटल किती उघडलाय हे सांगणाऱ्या सेन्सरचा) व्होल्टेज ०.५ च्या आसपास असायचा, तो ०.६८ झालाय. ईसीयूला वाटतं पाय एक्सलेटरवर आहे, आणि तो आयडल सांभाळायचंच सोडून देतो. झडप थोडी उघडी राहिल्यामुळे गाडी आता ११५० ला गुरगुरते आणि आठवड्यातून दोनदाच बंद पडते. याला तुमच्या कार्डावर "सुधारणा" असा शब्द आहे. थर्मामीटरचा पारा झटकून ताप उतरवण्यातला हा प्रकार.

हे पेट्रोल जास्त जाण्यापुरतं असतं तर पत्र लिहिलं नसतं. यवतेश्वर घाट उतरताना वळणावर गिअर बदलायला क्लच दाबला आणि त्याच क्षणी इंजिन गेलं, तर पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतं व्हॅक्यूम उरतं, पुढे पेडल लाकडासारखं. हे अ‍ॅडव्हायझरला सांगितल्यावर उत्तर आलं, "मग घाटात न्यायची कशाला? जुनी गाडी आहे साहेब. आणि तो पार्ट आता येईलच असं नाही, त्यापेक्षा एक्सचेंज बोनस चालू आहे." साताऱ्यात राहणाऱ्याने घाट टाळायचा! एका वॉल्व्हसाठी नवीन गाडी घ्यायची! जुन्या गाडीवर काम जमत नसेल तर बाहेरच्या बोर्डावरून सर्व्हिस हा शब्द उतरवा, नुसतं शोरूम ठेवा.

मला हवंय ते एवढंच. आयडल वॉल्व्ह ओ-रिंगसह नवा, बसवण्याआधी कपलरच्या (वायरच्या जोडणीच्या) पिना सैल आहेत का ते बघून. स्टॉप स्क्रू मूळ जागी, टीपीएस मोजून. मग किमान पंचेचाळीस मिनिटं गाडी चालवून, तापलेल्या इंजिनावर, एसी लावून आणि न लावता, लाइव्ह डेटाचं प्रिंट माझ्या हातात. ऑक्सिजन सेन्सरचे आणि दोन्ही क्लीनिंगचे पैसे परत. वॉल्व्हचे पैसे मी देईन, फुकट काही मागत नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं, फोन नको. नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्याखाली तक्रार दाखल करतो. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, आणि तुटलेल्या पिवळ्या ठिपक्याचे फोटो तारखेसकट काढून ठेवलेत.

एक गाडीमालक, सातारा

ता. क. : जुना ऑक्सिजन सेन्सर परत मागितला तेव्हा "स्क्रॅपला गेला" असं सांगितलं. तो चांगला होता. स्क्रॅपमधून शोधून ठेवावा.