अविनाश साबळे यांना एका क्रीडाशिक्षकाचे आभारपत्र

श्री. अविनाश साबळे यांस,
सप्रेम नमस्कार.

आपला माझा परिचय नाही. बीड जिल्ह्यातील एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवतो, आणि माझ्या वर्गांतील बऱ्याच मुलांचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. आपण पदके जिंकलीत तेव्हा आपले अभिनंदन करणारे पुष्कळ होते, त्यामुळे त्यात आणखी एका पत्राची भर घालण्याचे कारण नव्हते. हे पत्र अभिनंदनाचे नसून आभाराचे आहे. आपल्या धावण्याने आमच्या शाळेतले माझे एक काम फार सोपे झाले आहे आणि त्याची आपल्याला कल्पना असण्याचा संभव नाही, म्हणून ते आपल्या कानावर घालावे असे बरेच दिवस मनात होते.

आमच्याकडे मूल मैदानावर रमू लागले की घरून ठरलेला प्रश्न येतो: ‘पळून काय मिळणार?’ प्रश्न विचारणारे पालक अडाणी किंवा दुष्ट नसतात. ज्यांना ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फेडायची आहे आणि ज्यांच्या घरात पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे कामाला लागू शकणारे दोन हात आहेत, त्यांनी हा प्रश्न विचारायलाच हवा. पूर्वी मी यावर आरोग्य, शिस्त, व्यक्तिमत्त्व विकास असे पाठ्यपुस्तकी उत्तर देत असे आणि ते ऐकून पालक नम्रपणे मान हलवून निघून जात. आता मी आपले नाव सांगतो, आष्टी तालुक्यातल्या आपल्या मांडवा गावाचे नाव सांगतो, आणि संभाषण तिथून पुढे सुरू होते. हे गाव त्यांना ठाऊक असते, किंवा त्यांचे कोणी सोयरे तरी त्या बाजूला असतात. टीव्हीवरचा माणूस आपल्यापैकीच एक आहे, हे त्यांना पटवावे लागत नाही.

आपल्याविषयी जे लिहिले जाते त्यात एक गोष्ट मात्र मला सतत खटकत आली आहे. आईवडील वीटभट्टीवर राबत होते, शाळा सहा किलोमीटर दूर होती, मुलगा रोज ते अंतर पायी किंवा पळत कापत होता आणि म्हणून तो मोठा धावपटू झाला, अशी ती मांडणी असते. यातले ‘म्हणून’ मला मान्य नाही. घरापासून सहा किलोमीटरवर शाळा असणे ही त्या मुलाची गैरसोय होती, तिला प्रशिक्षण म्हणणे अन्यायाचे आहे. तसे अंतर चालून शिकलेली हजारो मुले या जिल्ह्यात आहेत. त्यांतली बरीच वाटेतच शाळा सोडून बसली, आणि त्यांच्याविषयी कोणी काही लिहीत नाही. दारिद्र्याने खेळाडू घडत असते तर आमच्या तालुक्यांतून दरवर्षी एक ऑलिंपिकपटू निघाला असता. मला आपल्याकडून जे शिकायला मिळाले आणि मुलांना शिकवता आले, ते या सहा किलोमीटरच्या पुढचे आहे.

बारावीनंतर आपण सैन्यात ५ महार रेजिमेंटमध्ये दाखल झालात, सियाचीनची थंडी आणि राजस्थानचे ऊन अशा दोन्ही टोकांना नोकरी केलीत, आणि मगच २०१५च्या सुमारास क्रॉस कंट्रीच्या शर्यतींकडे वळलात. विशीत आलेला, घराला हातभार लावणारी पक्की नोकरी मिळालेला तरुण त्या टप्प्यावर थांबला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती, कारण आमच्याकडे तीच यशाची व्याख्या आहे आणि ती चुकीचीही नाही. आपण तिथे थांबला नाहीत. वाढलेले वजन उतरवलेत आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून स्टीपलचेस हा प्रकार स्वीकारलात. आपल्या देशात त्या काळी त्याची ओळख धावण्याची आवड असलेल्या लोकांपलीकडे फारशी कोणाला नव्हती.

मुलांना हा प्रकार समजावून सांगताना मला स्वतःला त्याची कठोरता नव्याने कळली. तीन हजार मीटरच्या शर्यतीत २८ वेळा अडथळा ओलांडायचा आणि त्याशिवाय सात वेळा पाण्याची उडी घ्यायची. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते, आणि ११० मीटर हर्डल्समधला अडथळा पाय लागला तर जसा पडतो तसा हा पडत नाही, पडतो तो धावपटू. दमछाक झालेल्या शेवटच्या फेरीतही पाऊल नेमके टाकावे लागते, आणि शेजारी चार जण एकाच वेळी त्याच अडथळ्यावर झेप घेत असतात. केवळ दम असून भागत नाही आणि केवळ उडी येऊनही भागत नाही. (स्टीपलचेसच्याच धावपटू ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीच्या आणि आपण आष्टी तालुक्यातले. अवर्षणग्रस्त भागांतून आलेल्या दोघांनी पाण्यावरून उडी मारण्याच्या खेळात नाव काढावे, याची आमच्या शिक्षकांच्या खोलीत मोठी गंमत वाटते.)

२०१८ साली घोट्याच्या दुखापतीमुळे आपली आशियाई स्पर्धा हुकली. त्या वर्षी जकार्ताला न जाता आल्याचे दुःख किती असेल, याचा अंदाज मला एक प्रेक्षक म्हणून करता येणार नाही. परंतु ती स्पर्धा उलटून महिनाही होतो न होतो तोच भुवनेश्वरच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत आपण ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ नोंदवून गोपाल सैनी यांचा १९८१पासून टिकलेला ८:३०.८८ हा राष्ट्रीय विक्रम मोडलात. ३७ वर्षे जुना विक्रम मोडल्यावर माणूस काही काळ त्या सावलीत विसावतो. आपण मात्र तो विक्रम स्वतःच पुन्हा पुन्हा मोडत राहिलात आणि ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो ८:०९.९१वर नेऊन ठेवलात. जवळपास २० सेकंदांचा हा फरक मुलांना आकड्यांत समजत नाही. म्हणून मी त्यांना सांगतो की २०१८चे अविनाश साबळे आणि २०२४चे अविनाश साबळे एकाच शर्यतीत धावले असते, तर दुसऱ्याने शर्यत संपवली तेव्हा पहिला शंभर मीटरहून अधिक मागे असता. तो मागे राहिलेला माणूसही राष्ट्रीय विक्रमवीरच होता, हे ऐकल्यावर वर्गातली चुळबूळ थांबते.

दोहा येथील २०१९च्या जागतिक स्पर्धेचा प्रसंग मी दरवर्षी नव्या तुकडीला आवर्जून सांगतो. प्राथमिक फेरीत इतर धावपटूंच्या पडण्याधडपडण्यात आपली वाट अडली, वेळ गेला आणि अंतिम फेरीत जागा मिळाली नाही. भारतीय पथकाने नियमानुसार दाद मागितली, पंचांनी ती मान्य केली आणि आपल्याला अंतिम फेरीत धावू दिले. तिथे आपण ८:२१.३७ अशी वेळ देऊन नवा राष्ट्रीय विक्रम केलात आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रताही मिळवलीत. क्रमांक तेरावा होता. आमच्या मुलांना अन्याय झाला की गप्प बसायचे किंवा भांडायचे, असे दोनच मार्ग माहीत असतात. नियम वाचून, अर्ज करून, वेळेत दाद मागता येते आणि दाद मिळाल्यावर तिचे सार्थक आपल्याच पायांनी करावे लागते, हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. खेळाच्या तासाला नागरिकशास्त्र शिकवल्याबद्दल मुख्याध्यापकांनी मला एकदा हसत टोकलेही आहे.

आता बर्मिंगहॅमच्या २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेविषयी. ती शर्यत मी मुलांसोबत इतक्या वेळा पाहिली आहे की कोणत्या फेरीला कोण कुठे होता, हे आमच्या आठवीच्या मुलींनाही पाठ आहे. १९९८पासून राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसची तिन्ही पदके दर वेळी केनियाच्याच धावपटूंनी नेली होती. त्यामुळे त्या दिवशीही पुढे धावणारे तिघे केनियाचेच असणार, हे गृहीत धरूनच बहुतेक जण पाहत होते. त्यांच्यात रिओ ऑलिंपिकचे विजेते कॉन्सेस्लस किप्रुटोही होते. आपण त्यांच्या मागे राहिलात, पण सुटू दिले नाहीत, आणि शेवटच्या टप्प्यात एकेकाला मागे टाकत थेट अब्राहम किबिवोट यांच्या खांद्याशी जाऊन भिडलात. त्यांची वेळ ८:११.१५, आपली ८:११.२०. शंभरातले पाच भाग, म्हणजे त्या वेगाने साधारण एक फूट अंतर. रौप्यपदकाचे कौतुक सर्वांनी केले आणि ते योग्यच होते. मला त्याहून मोलाचे वाटले ते आपले धावणे. तिसऱ्या क्रमांकासाठी धावणाऱ्या माणसाची चाल वेगळी असते, कारण तो मागे वळून पाहतो. आपण शेवटच्या सरळ रेषेत फक्त पुढच्या माणसाकडे पाहत होता. ज्याच्या घरी खेळाची कसलीही परंपरा नव्हती, अशा माणसाने जगातल्या सर्वांत बलाढ्य परंपरेसमोर पहिल्या क्रमांकाचा हक्क सांगावा, यासाठी जी मनाची तयारी लागते, ती पायांच्या तयारीपेक्षा अवघड आहे असे माझे मत आहे.

त्यानंतरचा आलेख सरळ वर गेला नाही, हेही मी मुलांपासून लपवत नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत आपण प्राथमिक फेरीतच बाहेर पडलात. दीड महिन्याच्या आत हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ८:१९.५० या स्पर्धाविक्रमी वेळेसह सुवर्णपदक घेतलेत आणि वर पाच हजार मीटरमध्ये रौप्यही मिळवलेत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचणारे आपण पहिले भारतीय पुरुष ठरलात आणि तिथे अकरावे आलात. पॅरिसनंतर गावातल्या पारावर ‘अकरावाच आला की’ असे म्हणणारेही भेटले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर चारशे मीटरची फेरी आखली आणि ६५ सेकंदांत ती पूर्ण करून दाखवा, असे मोठ्या मुलांना सांगितले, कारण आपल्या राष्ट्रीय विक्रमाची सरासरी चारशे मीटरला तेवढीच पडते. ज्यांना एक फेरी त्या वेळेत जमली, त्यांना मी अडथळ्यांसह अशा साडेसात फेऱ्या धावणाऱ्या माणसाविषयी विचार करायला सांगितले. त्या दिवसापासून अकराव्या क्रमांकाची चर्चा आमच्या शाळेत तरी बंद आहे.

या सगळ्याने प्रत्यक्षात काय बदलले, असे आपण विचाराल, तर उत्तर मर्यादित आहे आणि ते मर्यादितच सांगितले पाहिजे. आमच्या मैदानावर मापाचा अडथळा नाही आणि पाण्याचा खड्डाही नाही. मुले जुन्या बाकांवरून उड्या मारतात. आमच्यातून कोणी राष्ट्रीय विजेता निघालेला नाही, कदाचित निघणारही नाही. पण हंगामात आईवडिलांबरोबर कारखान्याच्या फडावर जाणाऱ्या मुलांपैकी काही आता गावात आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, कारण ‘पोराची प्रॅक्टिस बुडेल’ हे वाक्य आता पालकांच्या तोंडी येऊ लागले आहे. प्रॅक्टिस बुडू नये म्हणून शाळा बुडत नाही. काही मुले सैन्यभरतीतील १६०० मीटरचा टप्पा सहज पार करून नोकरीला लागली. मुली सकाळी धावायला येतात आणि त्यांच्या घरचे आता मला जाब विचारत नाहीत, याचे श्रेय मात्र ललिताताईंकडेही जाते. तेव्हा त्यांनाही या पत्रातून नमस्कार.

आपल्याबरोबर आपले प्रशिक्षक आणि लष्करातील ज्या अधिकाऱ्यांनी आपल्याला सरावाची मोकळीक दिली त्यांचेही आभार मानतो. आणि विशेष आभार आपल्या आईवडिलांचे. दिवसभर वीटभट्टीवर खपून संध्याकाळी घरी आल्यावर मुलाला उद्या कामाला न नेता शाळेत पाठवायचे, हा निर्णय त्यांना एकदा घेऊन भागले नसेल, तो वर्षानुवर्षे रोज घ्यावा लागला असेल. माझ्या शाळेतील पालकांना मी आपली पदके जेवढी सांगतो, तेवढाच त्यांचा हा निर्णयही सांगतो.

२०२५च्या जुलैमध्ये मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या उडीच्या वेळी आपल्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली, हे कळले तेव्हा मुलांना फार वाईट वाटले. परत कधी धावणार, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. वयाने वडील असलेला शिक्षक म्हणून माझे सांगणे एवढेच, की आमच्या अपेक्षांसाठी आपण एक दिवसही घाई करू नये. गुडघा बरा होण्यास जो काळ लागेल तो लागू द्यावा.

पुढे कधी आष्टीकडे येणे झाले आणि सवड असली, तर आमच्या शाळेत जरूर यावे. हारतुरे, भाषण, सत्कार यांतले काही ठेवणार नाही. आमच्या मुलांना पाण्याच्या उडीच्या वेळी पाय कठड्यावर नेमका कसा ठेवायचा आणि उतरताना तोल कसा सांभाळायचा, हे व्हिडिओ पाहून नीट कळत नाही आणि मलाही ते दाखवता येत नाही. तेवढे आपण दाखवावे. बाक आम्ही तयार ठेवू.

आपला कृतज्ञ,
बीड जिल्ह्यातील एक क्रीडाशिक्षक