दोन बोटांमधलं बेलाचं पान

सोलापूर,
ता. ४ मे

प्रिय विजय,
सप्रेम नमस्कार.

परवा रात्री तू फोनवर म्हणालास, "डोळा लागत नाही रे, छातीत सारखी धडधड." तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. आधी डॉक्टरांना दाखव. गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नकोस. मी सांगतोय ते त्याच्या जोडीला.

गेलं वर्षभर मी रोज पहाटे सिद्धेश्वराच्या देवळात बसतो, फरशी तापायच्या आत. समोर सिद्धेश्वर महाराजांची योगसमाधी. मांडी घालायची, हात गुडघ्यांवर, तळवे वर. अंगठ्याचं टोक तर्जनीच्या टोकाला लावायचं, बाकीची तीन बोटं सरळ पण सैल. ही चिन्मुद्रा. दक्षिणामूर्तीच्या, म्हणजे शंकराच्या गुरुरूपाच्या, हाताला असते तीच. तळवे खाली वळवले की तिला ज्ञानमुद्रा म्हणतात, पण पुष्कळ लोक दोन्हीला एकच नाव देतात.

तुला आठवतं ना, टॉवेलच्या मागावर धागा तुटला की याच दोन बोटांनी आपण गाठ मारायचो? इतकी वर्षं ती सवय. त्यामुळे बोटं जुळली की चिमटीत सूत असल्यासारखा दाब यायचा, नखं पांढरी पडायची. महिनाभर मी तसाच ताठून बसलो. खांदे भरून आले, वर घरी चिडचिड. तिथे येणाऱ्या एका वयस्कर मास्तरांनी ते पाहिलं आणि माझ्या दोन बोटांत बेलाचं एक पान ठेवलं. म्हणाले, "चुरगळायचं नाही, पडूही द्यायचं नाही."

विजय, त्या पानाने मला बसायला शिकवलं. कर्जाचा हप्ता आठवला की पान दबायचं, डुलकी लागली की गळून पडायचं. मन कुठे गेलंय ते माझ्याआधी बोटांना कळायचं. आता पान लागत नाही. दाब वाढला की मी बोटं सैल करतो आणि श्वासावर येतो. दिवसातून शंभरदा मन पळतं, शंभरदा परत आणायचं, एवढंच.

मास्तरांनी अर्थही सांगितला. तर्जनी म्हणजे जीव, 'मी' म्हणणारा. अंगठा परमात्मा. उरलेली तीन बोटं सत्त्व, रज, तम. तर्जनी शब्दातच धमकावणं आहे. दिवाळीत मी पोरावर हेच बोट रोखून ओरडलो होतो. रोज पहाटे ते वाकवताना तो प्रसंग आठवतो, आणि मनापासून सांगतो, त्यानंतर ते बोट त्याच्यावर उठलेलं नाही.

मोबाईलवर अमुक मुद्रेने तमुक रोग जातो असे तक्ते फिरतात, त्यांच्या नादी लागू नकोस. हठयोगप्रदीपिका या योगावरच्या जुन्या ग्रंथात दहा मुद्रा आहेत खऱ्या, पण खेचरी, विपरीतकरणी अशा. त्या हाताच्या नव्हेत, आणि गुरूशिवाय करायच्याही नव्हेत.

तू रात्री अंथरुणातच बस, पाठीला उशी घे. दहा मिनिटं पुरेत. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, म्हणजे धडधड हळूहळू उतरते. धडधड जास्तच वाटली तर मात्र बसून राहू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

रजा मिळाली की ये. पहाटे देवळात जाऊ, तळ्याकाठी बसू. आईने शेंगांची चटणी कुटून ठेवलीय, तुझा डबा वेगळा काढलाय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
शिवा