रुग्णाला सल्ला मिळतो, सोबत मिळत नाही

महोदय,
‘घराबाहेर पडत जा, चार माणसांत मिसळा’ असे मधुमेहाच्या, सांधेदुखीच्या, उदासीच्या रुग्णाला डॉक्टर आवर्जून सांगतात. पण पती गेल्यापासून उंबरा न ओलांडलेल्या बाईला भजनी मंडळाचा फोन नंबर देऊन भागत नाही. पहिल्या दिवशी तिला सोबत नेणारे आणि आठवड्याने ‘परत गेलात का?’ असे विचारणारे माणूस लागते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१९ पासून याच कामासाठी दवाखान्यांना पगारी कार्यकर्ते जोडून दिले. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत सुटलेल्या कामांकडे, माणसांकडे परत वळवले. नेहमीच्या उपचारांना ही जोड दिल्यावर अधिक रुग्ण सुधारले, हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले.

आपल्याकडे तिशी ओलांडलेल्यांचा तपासणी अर्ज आशाताई भरतातच. त्यात मन उदास असते का, कामात रस वाटतो का, हेही विचारलेले असते. पुढची वाट आयुष्मान आरोग्य मंदिरांनी, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रांनी आखावी. आधी गावातल्या मंडळांची यादी करावी: भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब, वाचनालय, बचत गट. प्रत्येकापुढे वार, वेळ, वर्गणी, जिना चढावा लागतो का, जवळ स्वच्छतागृह आहे का आणि कुणाला भेटायचे, हे लिहावे. स्वच्छतागृहाचा रकाना वगळू नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारी कितीतरी माणसे त्याच धास्तीने घरी बसतात. यादी दर तीन महिन्यांनी तपासावी. बंद पडलेल्या क्लबच्या दारातून परतलेला रुग्ण पुन्हा सहसा विचारायला येत नाही.

रुग्णाशी निदान अर्धा तास बोलावे. ‘काय आवडते?’ या प्रश्नाला उदास माणूस ‘काही नाही’ असेच उत्तर देतो. ‘पूर्वी काय करायचात? ते कधी सुटले?’ असे विचारले की धागा सापडतो. बाई भजनाला जायच्या म्हणाल्या तरच भजनी मंडळ. वय पाहून परस्पर ठरवू नये. इन्सुलिन घेणाऱ्याला सकाळी उपाशीपोटी चालायच्या गटात धाडू नये, साखर उतरू शकते. आजार काय आहे, हे रुग्णाच्या संमतीशिवाय मंडळाला सांगू नये. मंडळालाही आधी विचारावे आणि एका वेळी एक-दोघांनाच पाठवावे. औषधे चालूच राहतील, हे घरच्यांनाही स्पष्ट सांगावे. जीव द्यावासा वाटतो असे कुणी बोलले, तर मंडळ बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे; टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही मोफत आहे.

मात्र हे काम आशाताईंच्या माथी फुकट मारू नये. त्यांना मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो. सोबत नेणे आणि नंतरची विचारपूस यांचाही दर शासनाने ठरवावा.

– काही आरोग्य कार्यकर्ते, सातारा