एकाच टाकीत सगळे पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यांच्या कचऱ्यातून सोने, चांदी, निकेल, कोबाल्ट काढता येते, असे लेखन आपल्या पानांवर अधूनमधून येते. 'कचऱ्यातून खजिना' हा मथळा तर आता पाठच झाला आहे. आयुष्याची बरीच वर्षे मी निकेल-क्रोम प्लेटिंगच्या, म्हणजे वस्तूंना या धातूंचा मुलामा देण्याच्या, खात्यात काढली, म्हणून हे चार शब्द. धातू परत मिळवण्याचे तंत्र जुनेच आहे. घोडे अडते ते त्याच्या कितीतरी आधी, सांडपाण्याच्या गटाराशी.

निकेलच्या बाथमधून (मुलाम्याच्या द्रावणाच्या टाकीतून) जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, वर उचलला की त्याला चिकटून हिरवे द्रावणही बाहेर येते आणि पुढच्या धुण्याच्या पाण्यात उतरते. जॉब टांगलेला रॅक बाथवरच दहा-पंधरा सेकंद निथळू दिला, तर त्यातले बरेचसे जागच्या जागी परत पडते. पण कामगाराची मजुरी नगावर. सेकंद कोण मोजत बसणार? धुण्याच्या पहिल्या टाकीतले पाणी वाहते न ठेवता साचू दिले, की त्यात निकेल जमत जाते. बाथ पन्नास-साठ अंशांवर तापलेला असतो, त्यातले पाणी रोज उडते. ती तूट याच पाण्याने भरून काढायची. ना नवे रसायन, ना यंत्र. याहून स्वस्त उपाय मी तरी पाहिलेला नाही.

आमच्याकडे मात्र निकेलचे हिरवे, क्रोमचे पिवळे आणि तांब्याचे निळे पाणी एकाच गटारातून एकाच टाकीत जायचे. प्रक्रिया करून, चुना टाकून ते फिल्टर प्रेसमधून (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रातून) काढले की मातकट केक, म्हणजे दाबलेल्या गाळाची वडी, निघायचा. दाबूनही त्यात निम्म्याहून जास्त पाणी. वर क्रोम, लोखंड आणि चुन्यामुळे तयार झालेले जिप्सम. घेणारा यायचा, चिमटीत धरून बघायचा आणि चहा घेऊन निघून जायचा. शेवटी पोती भरून, वर पैसे मोजून, तो गाडायला पाठवावा लागे.

एकदा क्रोम आणि तांब्याच्या लाइनी दुरुस्तीसाठी बंद होत्या, चुनाही संपला होता. नुसत्या निकेलच्या पाण्यात कॉस्टिक सोडा घातला. केक निघाला कच्च्या सफरचंदासारखा हिरवागार. शुद्ध निकेल हायड्रॉक्साइड वाळवले, तर त्यात वजनाने सुमारे 63 टक्के निकेल असते; ज्यातून निकेल काढतात त्या लॅटेराइट खाणीतल्या मातीत ते साधारण एक-दोन टक्के. आमच्या केकमध्ये भेसळ होतीच, पण तो न्यायला माणूस आपणहून आला. लाइनी सुरू झाल्या आणि पुन्हा मातकट केक सुरू झाला.

तांबे शुद्ध करणारे कारखाने ही चूक करत नाहीत. अ‍ॅनोडखाली, म्हणजे विरघळत जाणाऱ्या अशुद्ध तांब्याच्या पाटीखाली, साचणारा काळपट गाळ ते जपून वेगळा काढतात, कारण सोने, चांदी, सेलेनियम, टेल्युरियम त्यातच उतरलेले असते. तेलशुद्धीकरणातला निकामी झालेला कॅटॅलिस्टही (उत्प्रेरकही) मॉलिब्डेनम, कोबाल्ट, व्हॅनेडियमसाठी विकला जातो. सोनाराच्या दुकानातला केर झारेकरी विकत घेतो, तोही त्यात साऱ्या गल्लीचा केर मिसळलेला नसतो म्हणूनच.

सगळ्याच गाळात खजिना असतो, असेही नाही. अ‍ॅल्युमिना (ॲल्युमिनियमचा कच्चा माल) बनवणाऱ्या कारखान्यांच्या लाल गाळात स्कँडियम हा महागडा धातू आहे हे खरे, पण टनामागे ग्रॅममध्ये मोजावे इतकेच. अंग भाजणारा अल्कली मात्र भरपूर. ऑक्टोबर 2010 मध्ये हंगेरीत आय्का येथे अशा गाळाच्या तळ्याचा बांध फुटला आणि दहा माणसे गेली. तिथे बांध शाबूत ठेवणे हे पहिले काम, स्कँडियम मागाहून. आणि आम्लात बुडवून धातू काढायचा व उरलेले आम्ल नाल्यात सोडायचे, याला 'पुनर्प्राप्ती' हा भारदस्त शब्द कृपया वापरू नये.

बातम्यांत गाळ किती टन, एवढेच असते. कोणत्या धातूचा, वाळवल्यावर किती टक्के, वेगळा साठवलेला की एकत्र, हे वाचायला मिळत नाही. घेणारा नेमके तेच आधी विचारतो. आपले वार्ताहर पुढच्या वेळी एखाद्या कारखान्यात गेले, तर नव्या यंत्राचा फोटो काढण्याआधी त्यांनी धुण्याच्या टाक्यांपासून किती गटारे निघतात, तेवढे मोजावे.

आपला,
एक निवृत्त प्लेटर